रशियन वहिनींचा पासपोर्ट
लक्ष्मीपुरीच्या बाजारात एखादी गोरी, निळ्या डोळ्यांची बाई भाजीवाल्यावर "ओ पावणं, काटा नीट धरा की!" असं ओरडताना दिसली, तर ती आमच्या रशियन वहिनीच. त्यांचं मराठी सासूकडून, शिरोळच्या शेतातून आलेलं. इथल्या बायकांसारखंच "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या. शेजारचे कांबळेदादा शिष्यवृत्तीवर कीव्हला इंजिनिअर व्हायला गेले आणि ओक्सानाशी लग्न करून परतले. सासूच्या जिभेला नाव वळेना; तिनं उषा केलं. गल्लीनं रशियन केलं. "मी रशियन न्हाय, युक्रेनची हाय," त्या बजावत. आम्हाला सोव्हिएत युनियन तेवढं ठाऊक.

परदेशी म्हणून त्यांना दरवर्षी पोलीस कार्यालयात नोंद करावी लागे. दादा साखर कारखान्यावर असायचे, म्हणून सोबत मी जायची. भारताचं नागरिकत्व घ्यायचं त्या टाळत होत्या. "आई तिकडं एकटी हाय. तिच्याकडं जायाला मला कुणाची परवानगी नको."

मग एका हिवाळ्यात युक्रेन युनियनमधून बाहेर पडला आणि पाठोपाठ युनियनच संपलं. बातम्यांत झेंडा उतरताना बघून त्यांनी उठून टीव्ही बंद केला. पुढच्याच महिन्यात आम्ही नोंदीला गेलो. कारकुनानं लाल पासपोर्ट उलटसुलट केला.

"बाई, हा देश आता न्हाय. शिक्का कशावर मारू?"

वहिनींनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. "मग मी कुठली?"

"वर विचारतो. तवर गाव सोडू नका."

त्या दिवसापासून त्यांना धसका बसला. दाराची बेल वाजली की आत जाऊन मोरीजवळ उभ्या राहायच्या. एकदा पोलिसांची जीप दिसली म्हणून भरली पिशवी बाजारात टाकून घरी आल्या. पाच वर्षांच्या लेकीकडून, नीलूकडून, शिरोळच्या आजीचं नाव-गाव घोकून घ्यायच्या. मी हसायची. एक दिवस नीलूचा फ्रॉक वाळत घालताना अस्तराच्या आत शिवलेली कापडी पट्टी हाताला लागली. तिच्यावर शिरोळचा पत्ता होता. "मला न्हेलं तर पोरगी कुठं पोचवायची ते कळाय नको?" वहिनी म्हणाल्या. त्यानंतर मला हसू आलं नाही.

दिल्लीला पत्रं गेली. जुन्या सोव्हिएत वकिलातीनं कळवलं, तुम्ही आता युक्रेनच्या. युक्रेननं कळवलं, देश झाला तेव्हा तुम्ही इथं राहत नव्हता, इथल्या असल्याचे पुरावे आणा. पुरावे कीव्हमध्ये. शेवटी सासूच शिरोळहून आली आणि कारकुनापुढं उभी राहिली. "द्येस न्हाय तर न्हाय! सासू हाय की तिची. लिवा माझं नाव!" सगळं कार्यालय हसलं, तीन महिन्यांची मुदतही मिळाली. वहिनी तेवढ्या घामानं भिजल्या होत्या.

मुदत संपायच्या आत तार आली: आई अत्यवस्थ. त्यांनी बॅग भरली आणि माझ्याकडे आल्या.

"गेलो, आन् परत येऊ दिलं न्हाय तर? नीलूचं काय?"

'जा' असं मी म्हणायला हवं होतं. पण मीही घाबरले होते, गप्प राहिले. तीन दिवस ती बॅग त्यांच्या दाराशी होती. चौथ्या दिवशी त्यांनी कपडे परत कपाटात लावले. बाराव्या दिवशी दुसरी तार आली. त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. फक्त शिरोळहून आलेल्या सासूच्या मांडीवर डोकं ठेवून दिवसभर पडून राहिल्या.

भारताचं नागरिकत्व मिळायला पुढं बरीच वर्षं गेली. नीलू कॉलेजला गेल्यावर वहिनी भारतीय पासपोर्टवर, तीस दिवसांचा व्हिसा घेऊन आईच्या कबरीवर जाऊन आल्या. मी भेटायला गेले. प्रवास कसा झाला, विचारलं.

"कीव्हच्या विमानतळावर शिक्के माराय आमच्याच गावाकडचा पोरगा हुता," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट बघून इंग्रजीत बोलाय लागला. माझी भाषा तोंडात आलती. पण बोललो, तर इचारंल, इथली असून हा पासपोर्ट कसला? मग कागद, मग चौकशी. लई भ्यालो बघ. त्यानं इचारलं, पहिल्यांदाच येताय काय?"

"मग?"

"व्हय म्हनलो."