आवाज बंद केल्यावर बोललेलं अस्वल

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे आज मीच हे लिहितेय याचं मला हसू येतंय... पण राहवत नाही.

मी हिंजवडीत अ‍ॅनिमेशनचं काम करते. पात्रांचे ओठ संवादाशी जुळवणं, हेच रोजचं. लहानपणी आम्ही सदाशिव पेठेत राहायचो. घरी नुकतंच केबल आलं होतं आणि कार्टून सगळी इंग्रजीत. मला ओ की ठो कळायचं नाही. मग आई स्वयंपाकघरातूनच, पोळ्या लाटता लाटता, टीव्हीकडे न बघता मराठी संवाद ठोकून द्यायची! अस्वल सशाला खडसवायचं, "दुपारी दार वाजवू नये, एवढंही शिकवलं नाही का घरी?"

माझी लेक इरा जन्मायच्या आधीच आई गेली. तिचा आवाज कुठेच रेकॉर्ड केलेला नाही. आणि हल्ली तो मला आठवेनासा झाला होता. फार त्रास व्हायचा याचा... चेहरा फोटोत तरी दिसतो हो, आवाजाचं काय करायचं?

एका रविवारी दुपारी तेच अस्वल-सशाचं कार्टून नेटवर सापडलं. इराला घेऊन बसले. अरे देवा, काय भिकार काम! तीच झाडं पुन्हा पुन्हा मागे सरकतायत, पाय जमिनीवरून घसरतायत, ओठ एकीकडे नि संवाद दुसरीकडे. "बघ, ओठ कसे चुकलेत," म्हणत मी आवाज बंद केला.

अस्वल सशाला घेऊन ओढ्यावरच्या पुलावर आलं. इरा सहज म्हणाली, "बाबड्या, माझं बोट सोडू नकोस."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आईचं वाक्य! याच पुलावरचं! इराला मी ते कधीच सांगितलं नव्हतं — सांगणार कशी, मीच साफ विसरले होते.

मागे नेऊन एकेक फ्रेम पाहिली. ब आणि म म्हणताना ओठ मिटावेच लागतात, हा आमच्या कामातला पहिला धडा. 'बाबड्या'ला दोनदा, मग 'माझं'ला, मग 'बोट'ला... अस्वलाचे ओठ बरोब्बर तिथेच मिटत होते. परदेशात कुणीतरी काढलेली चित्रं, आणि आई तर तिकडे बघतही नसायची!

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

"अस्वलानं. तू आवाज बंद केलास ना, तेव्हा."

"कसा होता आवाज?"

"सर्दी झाल्यासारखा."

आईला बारा महिने सर्दी असायची. मी तिथेच ढसाढसा रडले.

ऑफिसात सगळ्यांना ते दाखवलं, त्यांनीही ओठ मोजून पाहिले, जुळतातच. कसं, ते मला माहीत नाही. पण आईचा तो नाकातला आवाज त्या दुपारपासून मला लख्ख आठवतोय.