घोडीचा गाभ

खर्ड्याकडच्या त्या घोडीची केस निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आरोपी विसरलो. ही केस विसरता येत नाही.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी पाचसहा माणसं घेऊन एक बडे बागायतदार आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. तक्रार अशी, की त्यांच्या जातिवंत घोडीला कोणीतरी सुई टोचून तिचा गाभ पाडला.

माझ्या ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याला बाहेर पाठवलं आणि घोडीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी नीट समजावलं. घोडी दोन हंगाम भरवूनही गाभण राहत नव्हती. घोडा दाखवल्यावर तिच्या गर्भाशयात पाणी साचून राही, म्हणून गर्भ टिकत नसे. या खेपेला त्यांनी भरवल्याच्या दुसऱ्या दिवशी सलाईनने गर्भाशय धुतलं, आतलं सगळं बाहेर पडावं म्हणून इंजेक्शनं दिली, आणि पिशवी साफ झाल्याची सोनोग्राफीवर खात्री केली. घोडी राहिली. मग एका संध्याकाळी ती घामाने निथळत पाय आपटू लागली. मानेवर सुईची ताजी गाठ होती. पुढच्या तपासणीत पिशवी रिकामी निघाली.

"गाई माजावर आणायचं इंजेक्शन दिलेलं असणार," डॉक्टर म्हणाले. "गाभण घोडीला ते दिलं की गर्भ पडतो. घामही त्यानेच फुटतो."

आबांचा संशय जुन्या गड्यावर होता. घोडी तोच सांभाळायचा, पण भांडण होऊन त्याला कामावरून काढलं होतं. गुन्हा नोंदवून त्याला चौकशीला आणलं. तो एकच सांगत राहिला. "साहेब, पोरीवानी संभाळली तिला. मी कशाला टोचू?" त्या दिवशी तो लांबच्या कारखान्यावर ऊसतोडीला होता. मुकादमाने आणि टोळीतल्या मजुरांनी तसे जबाब दिले. मी त्याला सोडलं, तर आबांनी मलाच सुनावलं.

त्याच आठवड्यात जनावरांची औषधं विकणाऱ्या दुकानदाराने आमच्या हवालदाराला खबर दिली.

"ते इंजेक्शन आबांच्या सूनबाईनं नेलं. गाय माजावर येत न्हाई म्हनल्या. पन त्यांच्या गाया तर समद्या गाभन हाईत."

महिला शिपायाला घेऊन मी आबांच्या घरी गेलो. पुरुषांना बाहेर बसवलं. सून तिशीच्या आसपासची, माहेर पाथर्डीकडचं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा नाकारेल. आरोपी बहुधा या दोन्हींपैकी एक काहीतरी करतो.

"व्हय, मीच टोचलं," ती म्हणाली.

"टोचायला शिकलात कुठे?"

"बघून. डॉक्टर पिशवी धुवायचे तवा घोडीला मीच धरायची. गडी गेल्यापास्नं माझ्याबिगर ती कुनाला जवळ येऊ देत न्हवती."

"मग तिच्यावरच का राग काढलात, ताई?"

 ती सांगू लागली.

"मागं गायीसाठी डॉक्टरांनी तीच बाटली आनली हुती. मी उचलाय गेले तर म्हनले, ताई, हात लावू नका, दिवस गेलेले असले तर बाईला वंगाळ असतंय. कातडीतनं आत जातंय. तर मामंजी हसले. म्हनले, हिला कसला आलाय धोका, उचलू द्या. आमचे मालक बी हसले."

ती पुढे सांगत गेली.

"घोडी दोनदा राहिली न्हाई, तर म्हनले मुक्या जनावराचा काय दोष, तपासून घिऊ. मला कदी कुनी दवाखान्यात नेलं न्हाई, साहेब. आता दुसरी बघायलेत." मग ती म्हणाली, "तिला घाम फुटला, तवा मीच पुसत हुते."

बाहेर येऊन मी तिच्या नवऱ्याला विचारलं, "तुम्ही स्वतःची तपासणी केली का?" त्याने बापाकडे पाहिलं. आबाच म्हणाले, "आमच्या घराण्यात तसलं कदी न्हवतं."

तिला मी वेगळं बसवून विचारलं, सासरच्यांविरुद्ध काही तक्रार द्यायची आहे का. ती म्हणाली, "मारलं न्हाई कुनी. दोन टाइम खाया घातलं. लिवनार काय?"

मी दोषारोपपत्र पाठवलं. कोर्टात आबांनी तडजोड केली. अट एकच, सुनेने फारकतीला संमती द्यावी. तिने दिली आणि ती माहेरी गेली. पुढच्या हंगामात घोडी पुन्हा भरवली, पुन्हा तसेच उपचार केले, आणि तिला शिंगरू झालं. घरात नवी सूनही आली. खोटा आळ आलेल्या त्या गड्याला मात्र कोणी साधं सॉरीसुद्धा म्हणालं नाही.

तपास म्हणून ही केस चोख होती. तिने मला एवढं शिकवलं, की फिर्यादी मोठ्याने बोलत असतो तेव्हा त्याच्या घरात गप्प कोण आहे ते आधी बघायचं. पुढच्या नोकरीत मी ते बघत गेलो. पण ते दिसल्यावर अधिकाऱ्याने काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. घोडीचा गाभ पाडणं हा गुन्हा होता, आणि तडजोडीने का होईना, त्याची शिक्षा त्या बाईला झाली. जे तिच्यावर हसले, त्यांना कोणत्या कलमाखाली ठाण्यात बोलवायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.