चुलीपाशी ठेवलेल्या खिळी

मानमोडीच्या साथीत, पावसाळा सरल्यावर, लखू गाडीवान मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यात तापाने गेला. त्याची छपराची बैलगाडी उंबराखाली उभी होती. चाकांच्या खिळी कोणत्या घरात ठेवल्या आहेत, हे त्याने सांगितले नव्हते.

जव्हार संस्थानात मी देवी टोचायला फिरत असे. लखूची गाडी संस्थानाने त्यासाठी भाड्याने घेतली होती. वर बांबूचा तट्ट्या, आत बाज, शेगडी आणि लसीची पेटी. मुक्काम पडेल तिथे तेच आमचे घर. त्याची पहिली गाडी मोखाड्याच्या बाजारातून चोरीला गेली होती. ही दुसरी त्याने स्वतः बांधली. त्याचा संसार तिच्यावरच चालत असे.

जव्हारला असला की तो डावे चाक उतरवून झोपडीत नेई. त्याची बायको सोमी करवादे, "चाकाशीच लगीन लावायचं व्हतं! माज्या जाग्यावर त्याला निजवतोस."

"ते घोरत तरी नाय," लखू म्हणे.

फिरतीवर रीत वेगळी. चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला लोखंडी खीळ असते. मुक्कामाला तो दोन्ही खिळी काढी आणि पाड्यातल्या एखाद्या म्हातारीला चुलीपाशी ठेवायला देई. खिळीवाचून गाडी ओढली तर चाके गळून पडत. शिवाय खीळ ज्या घरात, त्या घराची गाडी पाहुणी. निघताना, ज्याने ठेवायला दिली त्याच्याच हातात ती परत मिळे.

"चोर त्याच घरातला निघाला तर?" मी एकदा विचारले.

"मंग तर बरंच, भाऊसाहेब. सोताच्या पावन्याला कोन लुटील?"

"घर कोणतं, ते मला तरी सांग."

"नाय. तुमी जाऊन इचाराल, खिळी हायत ना म्हनून. म्हतारीला काय वाटंल?"

शेवटच्या दिवशीही त्याने घर सांगितले नाही. "गाडी सोमीकडं न्या," एवढेच म्हणाला.

मी मोखाड्याहून लोहार आणला. तो नव्या खिळी ठोकायला वाकला, तशी पाड्यातली माणसे गाडीभोवती उभी राहिली. त्यांनी हात लावू दिला नाही. ठमी नावाची म्हातारी पुढे आली.

"खिळी माज्याकडं हायत. त्यानं दिल्या, त्याच्याच हातात देन."

"तो गेला, आजी."

"ठावं हाय. माती मीबी लोटली. तू कोन त्याचा?"

त्याच्या गाडीत मी कित्येक हिवाळे काढले होते. मी लोहाराला परत पाठवले.

मी चालत जव्हारला गेलो आणि सोमीला सगळे सांगितले. ती माझ्याबरोबर पाड्यात आली. ठमीने तिलाही तेच विचारले.

"ह्या गाडीचं चाक माज्या उशाशी आसायचं," सोमी म्हणाली. "रोज भांडायची मी."

ठमी आत गेली. राख पुसून तिने दोन्ही खिळी सोमीच्या हातात ठेवल्या. सोमीने त्या बसवल्या आणि बैल जुंपले. छपराखाली लखूची घोंगडी घडी घालून ठेवलेली होती.

जव्हारला पोचल्यावर सोमीने बैल सोडले, डावे चाक उतरवले आणि झोपडीत नेले.