बंडूजींचं जावक टपाल

नालवाडीत बंडूजी उमाट्यांचं घर कुठं म्हणून विचारलं, की लोक आधी विचारतात, ‘मुलासाठी का मुलीसाठी?’ त्या घरी जाणारा माणूस बायोडाटा घेऊनच जातो. पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर चौतीस वर्षं काढून बंडूजी निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून समाजाच्या उपवर मुलामुलींची परिचय पुस्तिका त्यांनी अंगावर घेतली. तिच्यामुळे लग्नं किती जमली ते कोणी मोजलं नाही. पण पुस्तिका दरवर्षी मेळाव्याला वेळेवर निघाली, आणि बंडूजींच्या मते काम त्यालाच म्हणतात.

त्यांची मुलगी सपना एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. कॉलेजनं मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर तिनं घरी आणले, त्यांच्यावर लिनक्स टाकलं आणि दोन्ही पुन्हा चालते केले. एक माडीवर, बंडूजींच्या टायपिंगसाठी. दुसरा खाली बैठकीत, प्रिंटरला जोडलेला. त्यांना नावंही तीच दिली, माडी आणि बैठक. यंदाचे एकशे शहाऐंशी बायोडाटा माडीवर होते. रविवारी मेळावा, म्हणून मंगळवारी ते छपाईसाठी खाली न्यायचे होते.

‘पेनड्राइव्ह कायले पाह्यजे? दोन्ही एकाच वायफायवर आहेत,’ सपना म्हणाली, आणि नोकरीवर निघताना तिनं चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली. ‘बाबा, हे असंच्या असं टाइप करजा अन एंटर दाबजा. आधी कुठून, मंग कुठं. पोचते तिथं काई जास्तीचं असन तं ते पुसते अन दोन्हीकडं सारखं करते. अडलं तं मले फोन करजा.’

तिची स्कूटी वळली आणि बंडूजींनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. आधी माडी, मग बैठक. त्यांच्या कपाळाला आठी पडली. जन्मभर त्यांनी जी पाकिटं लिहिली, त्यांत ‘प्रति’ ठळक, मधोमध आणि सगळ्यांत आधी. ‘प्रेषक’ खाली कोपऱ्यात, अंग चोरून. पाठवणाऱ्यानं आपलं नाव आधी लिहायचं म्हणजे पाहुण्याच्या आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचं. पोरगी एवढी शिकली, पण पत्ता लिहायची रीत नाही! त्यांनी लाल पेन काढलं आणि दोन नावांची अदलाबदल केली. या पेनानं त्यांनी तीन साहेबांचे मसुदे सुधारले होते, आणि त्या तिघांनाही विचारलं नव्हतं. पोरीला कशाला फोन करायचा?

एका बोटानं ओळ टाइप झाली. एंटर. पडद्यावर नावं भराभर सरकू लागली आणि प्रत्येक नावाआधी डिलीटिंग, डिलीटिंग. ‘खालचं जास्तीचं पुसून राह्यलं,’ बंडूजी स्वतःशी म्हणाले, आणि समाधानानं खाली उतरले.

बैठकीतलं फोल्डर रिकामं होतं. टपाल पोचायला वेळ लागतोच. त्यांनी चहा घेतला. परत पाहिलं. परत चहा घेतला.

‘आले का तुमचे नवरदेव?’ मेथी निवडता निवडता शकुंतलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

‘रस्त्यात हायेत,’ बंडूजी म्हणाले.

बारा वाजता ते माडीवर चौकशीला गेले, तर तिथलं फोल्डरही रिकामं. त्यांनी सपनाला फोन लावला आणि चिठ्ठीतल्या सुधारणेसकट सगळं सांगितलं.

‘बाबा, तुमी उलटं पाठवलं. खालचं रिकामं फोल्डर वर गेलं, अन त्यानं वरचंई रिकामं केलं.’

‘सारखं करते म्हनली होती ना तू?’

‘केलं ना मंग. दोन्हीकडं काईच नाई. एकदम सारखं. दुसरी कॉपी ठेवली हाय का?’

आपल्याकडे प्रत ठेवल्याशिवाय ज्या माणसानं सरकारचा एक कागद दाराबाहेर जाऊ दिला नाही, त्याला ही प्रत ठेवायचं सुचलं नव्हतं. मूळ फॉर्म शकुंतलाबाईंनी तेलाच्या डब्यांखाली अंथरले होते आणि त्यांवर आता फक्त तेल दिसत होतं. रविवारी आर्वी-हिंगणघाटहून लोक गाड्या करून येणार. त्यांच्या हातात काय द्यायचं? बंडूजींना खरोखर रडू आलं.

फोन नंबरांची वही तेवढी शाबूत होती. सपना अर्धी सुट्टी टाकून घरी आली आणि दुपारपासून तिघांनी एकेक घर गाठायला सुरुवात केली, आणि गमतीच गमती बाहेर पडू लागल्या. चार वर्षं अठ्ठावीसचाच राहिलेला पुलगावचा धीरज एका मुलाचा बाप झाला होता. ‘सांगतलं काऊन नाई?’ विचारलं तर त्याचा बाप म्हणाला, ‘तुमी विचारलंच नाई, बंडूजी!’ पुस्तिकेत पाच वर्षं ‘गृहकृत्यदक्ष’ असलेली सेलूची मुलगी म्हणाली, ‘काका, मले सैपाक येत नाई. मी ट्रॅक्टर चालवतो, ते लिहा.’ बंडूजींनी निमूटपणे लिहिलं. एकेचाळीस नावं गळाली, उरलेल्यांतली निम्मी माहिती बदलली. गेली कित्येक वर्षं आपण काय छापत होतो, या विचारानं त्यांना मनातून लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी एकच नाव राहिलं. सपना बंडूजी उमाटे. हा बायोडाटा त्यांना तोंडपाठ होता, कारण दरवर्षी तो त्यांनीच रचला होता. अपेक्षा: सरकारी नोकरी, निर्व्यसनी, वर्ध्यात स्वतःचं घर. ‘सरकारी’पर्यंत टाइप झालं आणि त्यांचं बोट थांबलं. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. सपना कणीक मळत होती.

‘अपेक्षा काय लिहू वं, बाई?’

सपनाचे हात थांबले. ‘पयल्यांदा विचारून राह्यले तुमी, बाबा.’

‘चुकलं माह्यं. सांग आता.’

तिनं जरा विचार केला. ‘लिहा. आधी विचारून मंग एंटर दाबनारा पाह्यजे.’

‘अजी,’ चुलीपाशी पाठमोऱ्या शकुंतलाबाई म्हणाल्या, ‘असा एखादा मेळाव्यात दिसला तं मलेई दाखवजा. पस्तीस वर्सं झाले, मी तं पाह्यला नाई.’

बंडूजी माडीवर गेले, आणि पोरीनं सांगितलेलं वाक्य एक अक्षरही न सुधारता टाइप केलं.