काचेतला सातवा तुकडा

गल्लीत त्यांना सगळे मेणकाका म्हणत. मिठाईच्या, फळांच्या, केकच्या दुकानांत काचेमागे जे न नासणारे मेणाचे नमुने मांडतात, ते करण्यात त्यांचा जन्म गेला. सोळाव्या वर्षी मामाच्या हाताखाली बसले ते त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत उठलेच नाहीत, असं त्यांची बायको म्हणे. त्यांनी केलेल्या आंब्यावर एकदा माशी येऊन बसली होती. ही हकीकत ते स्वतःच सांगत आणि दर वेळी माशा वाढत.

आठ वर्षांपूर्वी विमानतळावरच्या एका जपानी हॉटेलाचं काम आलं. चौदा ताटल्या. मालकाने फोटोंचा गठ्ठा पुढे टाकला. म्हणाला, "खरे पदार्थ इथवर आणेपर्यंत त्यांची रया जाईल. यावरूनच करा."

काकांनी जपानी जेवण उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण कामात जीव ओतला. भाताचं शीत न् शीत वेगळं पाडून चिकटवलं. माशाच्या कापावरच्या पांढऱ्या रेघा तीन केसांच्या कुंचल्याने ओढल्या. कोळंबीवरचं कुरकुरीत आवरण जमता जमेना, तेव्हा कोमट पाण्यात पिवळ्या मेणाचे थेंब सोडून त्यांची जाळी धरली आणि ती कोळंबीला गुंडाळली. काम झालं, पेटी विमानतळाच्या फाटकावर पोचती केली. हॉटेल तपासणीच्या पलीकडे, तिथे तिकिटाशिवाय कोण सोडणार? आपल्या ताटल्या मांडल्यावर कशा दिसतात, हे काकांनी कधी पाहिलंच नाही.

यंदा परगावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नवराबायकोची विमानाची तिकिटं निघाली. दोघांचाही पहिलाच प्रवास. चुकायला नको म्हणून चार तास आधीच येऊन थडकले. तपासणी उरकली आणि काका कुणाला न विचारता थेट त्या हॉटेलासमोर जाऊन उभे राहिले.

काचेमागे चौदाच्या चौदा ताटल्या होत्या. हिरवा रंग जरा उतरला होता, बाकी जशाच्या तशा.

"अहो, माणसं बघतायत," बायको म्हणाली. "किती वेळ उभं राहायचं?"

"चल, इथेच जेवू."

"कच्चा मासा मी खाणार नाही, आधीच सांगते."

तिने शेवयांचं गरम सूप मागवलं. काकांनी काचेतल्या तिसऱ्या ताटलीकडे बोट दाखवलं. भातात मासा घालून, समुद्री शेवाळात गुंडाळून कापलेले तुकडे. काड्या त्यांच्या बोटांत नीट बसल्या. चिमटे धरण्यात हयात गेलेली. पहिला तुकडा तोंडात टाकला आणि ते थबकले. भात आंबटगोड होता. आणि गारही. त्यांनी तो वाफाळता समजून वरून चकाकी दिली होती.

"चुकलंच माझं," ते पुटपुटले.

बायकोने सूप भुरकता भुरकता विचारलं, "बरं आहे ना पण?"

"चांगलं आहे गं. मला वाटलं होतं त्यातलं काहीच नाही, पण चांगलं आहे."

पाणी द्यायला आलेल्या वाढपी मुलीला त्यांनी सहज विचारलं, "एका ताटलीत सात तुकडे का देता?"

"ते विचारू नका काका. एका गुंडाळीचे सहाच होतात. पण काचेत सात आहेत ना. गिऱ्हाईक मोजतं आणि भांडतं. शेवटी आमच्या आचाऱ्याने सातच द्यायला सुरुवात केली. सहा ताटल्यांमागे एक गुंडाळी जादा करावी लागते. ज्याने ते नमुने केले त्याला तो रोज शिव्या घालतो."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बोलव त्याला," ते म्हणाले. "तो माणूस मीच."

आचारी हात पुसत बाहेर आला. पन्नाशीचा, धिप्पाड. काकांनी सरळ सांगून टाकलं, "फोटोत सहाच होते. ताटली उघडी वाटली, वाढणाऱ्याने हात आखडता घेतल्यासारखी. म्हणून मी एक वाढवला. आत्ता काढून देतो. गरम पाण्यात बुडवलेला चमचा आणा."

आचाऱ्याने काच उघडून ताटली आणली. काकांनी चमच्याच्या कडेने मेण सैल केलं आणि तुकडा अलगद सोडवला. तिघं-चौघं वाकून बघत राहिले. आचाऱ्याने ताटली डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली.

"ओकंबोकं दिसतं हो," तो म्हणाला.

"मी काय म्हणत होतो?"

"लावा परत." मग खुर्ची ओढून तो समोर बसला. "आठ वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडली मी. पण कोळंबीचं आवरण कसं केलंत ते सांगा. माझंसुद्धा रोज इतकं उठत नाही."

काकांनी सांगितलं. थेंबांपासून जाळीपर्यंत सगळं, हातवारे करून. बोलण्याच्या नादात विमानाची पहिली सूचना कुणी ऐकली नाही. दुसरीला बायकोने पिशव्या उचलल्या आणि नवऱ्याला दंडाला धरून उठवलं.

महिन्याने दोघं परतली. त्यानंतर आठवड्याभरातच आचाऱ्याचा फोन आला. चार नवे पदार्थ करायचे होते. या खेपेला फोटो नव्हते. काकांसाठी आत येण्याचा पास काढला होता. ते गेले, चारही पदार्थ खाल्ले, बोटांनी दाबून पाहिले आणि दोन पुन्हा मागवले.