कौल मिळेपर्यंतची निर्यात

इब्रामपूरचे बाबाजी गावस कोकम सरबताचा कारखाना चालवतात. निर्यात कशी सुरू करावी, यावरच्या आमच्या सरकारी कार्यालयाच्या प्रत्येक प्रशिक्षणाला ते आले, जेवले आणि प्रमाणपत्र घेऊन गेले. परदेशी ग्राहकाला कधीही नाही म्हणू नये, हा आमचा पहिला धडा.

मस्कतचे व्यापारी शहा यांनी आमच्यामार्फत पहिली ऑर्डर देऊ केली, तेव्हा बाबाजींनी ग्रामदेवाला कौल लावला. मूर्तीवरची पाकळी डावीकडे पडली, म्हणजे नकार.

त्यांची बायको प्रभावती म्हणाली, "देवाक परत इचारा. नवीन मशीन काय पूजेक घेतलंत?"

"देव म्हंजे काय सरकारी सायब, परत परत जावन इचारूक?"

त्यांनी शहांना फोन करून देवाचा नकार जसाच्या तसा कळवला. ऑर्डर गेली, असे मी धरून चाललो. पण शहांचा मला फोन आला.

"साहेब, जो देवालाही फसवत नाही, तो सरबतात रंग कशाला मिसळेल? मी थांबतो."

दसऱ्यानंतर रीतीप्रमाणे नव्याने कौल लावला, तेव्हा पाकळी उजवीकडे पडली आणि सरबत मस्कतला गेले.

पुढच्या प्रशिक्षणात आम्ही बाबाजींनाच वक्ते म्हणून बोलावले. विषय जुनाच होता: ग्राहकाला कधीही नाही म्हणू नये. ते छान बोलले.