ओल्यांवचा आठ नंबर

फुटबॉल क्लबचे कपडे धुता धुता माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे ओल्यांवच्या, म्हणजे आमच्या बंदरगावच्या मैदानावर खेळलेला प्रत्येक जण मला मावशीच म्हणतो. त्यातला एक इदालियो व्हिएगास.

त्याचा बाप कांदिदो ऑक्टोपस धरायचा. मातीची मडकी दोरीला बांधून समुद्रात सोडायची, नंतर ओढून काढायची. इदालियोही बापासारखाच, अबोल. मिडफिल्डला खेळायचा. बॉल आला की मान वर करून बघणार आणि ज्याला हवा त्याच्या पायात नेऊन घालणार. गोल दुसरेच मारायचे. स्टँडमधून लोक ओरडत, "अरे, बॉल वाटत काय सुटलायस? कधीतरी स्वतः मार की!" तो नुसता हसायचा.

सव्विसाव्या वर्षी लिस्बनच्या एका मोठ्या क्लबनं त्याला बोलावलं. कांदिदोनं अख्ख्या गल्लीला सार्डिन मासे भाजून घातले. खानावळवाल्यानं इदालियोचा फोटो बारच्या मागे लावला. इदालियोच्या बायकोनं, ओतिलियानं, घरातली भांडीसुद्धा बांधून ठेवली.

तिकडे डॉक्टरांनी त्याचा डावा गुडघा तपासला. आतली गादी झिजली होती. "जेमतेम दोन वर्षं खेळेल," असं त्यांनी क्लबला सांगितलं, आणि कागदावर सही झालीच नाही. संध्याकाळच्या बसनं तो परत आला. थांब्यावर लोक होते. मीही तिथेच होते. तो सरळ धक्क्यावर गेला.

कांदिदो मडक्यांवरचे शिंपले खरवडत बसला होता. त्यानं मुलाकडे पाहिलं.

"आलास?"

"आलो."

"मग चांगले बूट काढ आणि ती सुरी घे. अजून निम्मी राहिलीत."

अंधार पडेपर्यंत दोघं खरवडत होते. ओतिलियानं दोनदा जेवायला बोलावलं, तेव्हा कुठे उठले.

नंतर तो सरावाला येईना. रोज बापाबरोबर बोटीवर. कोचनं निरोप पाठवले, काही उपयोग झाला नाही. शेवटी मीच इस्त्री केलेला शर्ट घेऊन धक्क्यावर गेले.

"हा आठ नंबर कुणाला देऊ रे?"

"ज्याला बसेल त्याला दे, मावशी."

"बसतो सगळ्यांनाच. पण मला तुझाच मळ काढायची सवय झालीय."

त्याला हसू आवरेना. कांदिदो बोटीतून म्हणाला, "घेऊन जा गं त्याला. ऑक्टोपससुद्धा घाबरतात याच्या पडलेल्या तोंडाला."

दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला आणि त्या झिजलेल्या गुडघ्यावर आणखी नऊ वर्षं खेळला. सामना संपला की गुडघ्यावर बर्फ बांधून माझ्याच धुण्याच्या खोलीत बसायचा, यंत्राच्या आवाजात डुलक्या काढत. मोठं नाव झालं नाही. पण आमचा क्लब वरच्या विभागात गेला तो त्याच्याच काळात.

एका रविवारी मध्यंतरातच त्यानं शर्ट काढून माझ्या टोपलीत ठेवला. कोच म्हणाला, "अजून अर्धा खेळ आहे!"

"मी पोचतो तेव्हा बॉल पुढे गेलेला असतो, कोच. आता दुसऱ्याला पाठवा."

रडला-बिडला नाही. अंघोळ करून घरी गेला. मी मात्र त्या दिवशी साबण दोनदा घातला, यंत्रात काय चाललंय तेच कळेना.

क्लबनं त्याला कोच केलं. एक मोसम कसाबसा काढला. "मला ओरडता येत नाही, मावशी," म्हणाला आणि सोडून दिलं. कांदिदो थकला होता, तेव्हा बोट यानंच घेतली.

गेल्या वर्षी फारू शहरातल्या इस्पितळात त्याचा गुडघा बदलला. मी अंजीर घेऊन भेटायला गेले. शेजारच्या खाटेवर पलीकडच्या गावचा एक म्हातारा होता. इदालियोचं नाव ऐकताच तो उठून बसला.

"तूच का तो व्हिएगास? तुझ्या एका पासमुळे आमची टीम खालच्या विभागात गेली! बायकोशी आठवडाभर बोललो नव्हतो मी."

"मग तिला बरंच वाटलं असेल की," इदालियो म्हणाला.

म्हातारा आधी लालबुंद झाला, मग पोट धरून हसला. मी दोघांच्या मधे अंजिरांची पिशवी ठेवली. थोड्या वेळानं म्हातारा चादरीवर बोट फिरवत त्याला विचारत होता, "खरं सांग, तुला आमचा पोरगा डावीकडे बॉल अडवायला टपलेला दिसला होता का नाही?" इदालियो अंजीर चावत म्हणाला, "दिसला होता ना. म्हणून तर बॉल उजवीकडे दिला."